हातांपुरती शिवणशाळा

दैवशालाचा क्लास पाहणाऱ्या बायकांनी तिचा चेहरा पाहिलेला नव्हता. त्यांना तिचे हात माहीत होते. डाव्या अंगठ्याचं चपटं नख, उजव्या हाताच्या बोटावर कात्रीनं पडलेला घट्टा, आणि बांगड्या खडूच्या रेषेवर घासू नयेत म्हणून त्या वर कोपराकडं सरकवून ठेवायची सवय. दोन खुर्च्यांवर आडवी फळी, फळीच्या कडेला रबरानं बांधलेला मोबाईल, आणि खाली सतरंजीवर पसरलेलं कापड. एवढ्या चौकटीत जे येईल ते जगाला दिसायचं. चौकटीबाहेर दैवशाला असायची.

हातांपुरतंच दाखवायचं हे घरात ठरलं होतं. सासरे दत्तराव रेल्वेत पॉइंट्समन होते, पूर्णा जंक्शनवरूनच निवृत्त झालेले. गाडी कुठल्या रुळावर जाईल ते आयुष्यभर त्यांच्या हातात होतं, आणि बोलायची गरज फारशी कधी पडली नव्हती. ते म्हणाले होते, "शिकवायचं तर शिकव बाई. पन तोंड दिसाया न्हाई पायजे." दैवशालाला त्यात वावगं वाटलं नाही. कापड कापायला हातच लागतात.

तिचं माहेर पालम तालुक्यातलं. दहावीनंतर पालमला एका बाईंकडं ती शिवण शिकली. लग्नात पायमशीन आली आणि पूर्णेतल्या या घरात समोरच्या खोलीत, खिडकीखाली तिची जागा ठरली. नवरा बालाजी रेल्वेतच, ट्रॅकमन. सकाळी डबा घेऊन लाईनवर जायचा तो दिवस कलल्यावर घरी यायचा. शिवणक्लासला गल्लीतल्या मुली येत. पण ज्यांना खरोखर शिकायचं होतं त्या बायका लांबच्या असत. पालमकडच्या राजेश्रीसारख्या.

राजेश्रीचं घर मेंढरं राखणारं. नवरा मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मागं जायचा, ती दोन लेकरं, सासू आणि घरच्या शेळ्या सांभाळत मागं राहायची. क्लासला म्हणून ती काही दिवस एसटीनं आली. हातात बरकत होती. मग एकदा उंबऱ्यातच उभं राहून म्हणाली, "ताई, उद्यापून न्हाई येनं व्हायचं. शेरडं कोन बगंल? सासू म्हनती, शिवायला जाती का गाडीत बसायला जाती."

"मग मी व्हिडिओ पाठवते," दैवशाला म्हणाली. सहज म्हणाली. क्लासची सुरुवात तिथून झाली.

राजेश्रीनं पुढं बहिणीला पाठवला, बहिणीनं शेजारणीला. व्हॉट्सअॅपवर ग्रुप झाला. बाही, गळा, कटोरी, पट्टी. पण मोबाईल भरून जायचे. लेकरं गेमसाठी जागा करताना आधी आईची बाही पुसून टाकायची. तेव्हा परभणीला कॉलेजात कॉम्प्युटर शिकणाऱ्या निकितानं, दैवशालाच्या मोठ्या दिराच्या मुलीनं, वेबसाइट करून दिली. व्हिडिओ आधी वेबसाइटमध्येच ठेवून पाहिले, तर गावाकडं ते चालेनात. "नुसतं गोल गोल फिरायलंय ताई," असे निरोप आले. निकितानं समजावलं, "काकू, आपली वेबसाइट म्हणजे टपरी आहे. एवढा माल टपरीत मावत नाही. व्हिडिओला वेगळं गोदाम लागतं. जिथं रेंज कमी, तिथं ते हलका करून पाठवतं." मग सगळं जग जिथं व्हिडिओ टाकतं त्या फुकटच्या ठिकाणी दैवशालाचे हात गेले. तिथून ते वेबसाइटवर दिसू लागले. रेंज नसेल तिथं धुरकट दिसत, पण चालत.

माप घ्यायचा धडा करताना चूक झाली. चूक तरी कशी म्हणावी. बायका शिवायला टाकताना अंगावर नीट बसलेला एक जुना ब्लाऊज देतात, मापाचा म्हणून. त्यावरून माप कसं काढायचं हे दाखवायला दैवशालानं स्वतःचाच एक जुना ब्लाऊज सतरंजीवर पसरला, टेप धरली, आणि क्लासमध्ये सांगते तसं सांगितलं. छाती इथून धरायची, कंबर इथं, पाठ एवढी. मागं स्टेशनचा पुकारा चालू होता. येणाऱ्या गाडीचं नाव, पूर्णा जंक्शनचं नाव.

तो व्हिडिओ तिच्या इतर कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त लोकांनी पाहिला. दैवशालाला आनंद झाला. कोण पाहतं हे तिला माहीत नव्हतं.

दत्तराव दाढी करायला गेले होते. तिथं कुणीतरी मोबाईल पुढं केला, "दत्तराव, ह्ये तुमच्याच गल्लीतलं दिसायलंय बगा. गाडीचा पुकारा ऐका की." दत्तरावांनी ऐकला. घरी आले, हातपाय धुतले, जेवले. सुनेला काही बोलले नाहीत. असल्या गोष्टी सासऱ्यानं सुनेशी बोलायच्या नसतात. थोड्या वेळानं सासूबाई, अंबाबाई, समोरच्या खोलीत आल्या.

"मामा म्हनायलेत, बंद कर ते."

"काय झालं आत्याबाई?"

"मला कामून इचारती? त्यायलाच इचार जा."

ती विचारणार नाही हे दोघींनाही माहीत होतं. अंबाबाईंनी सुटलेलं दोऱ्याचं रीळ उचलून मशीनवर ठेवलं आणि गेल्या.

दैवशालानं तो व्हिडिओ उघडला. आजवर तिनं खालच्या कमेंट वाचल्या नव्हत्या, त्या वाचल्या. पुष्कळ होत्या. कापडाबद्दल त्यात एकही नव्हती. ती वाचत गेली, आणि मग खिडकी लावून घेतली. ब्लाऊज अजून खुर्चीवर पडला होता. तिनं त्याची घडी घातली, घडीवर घडी घातली, आणि तो कपाटात सगळ्यांत खाली ठेवला.

त्या रविवारी निकिता आली. पडवीत दत्तराव पेपर वाचत बसले होते. दैवशाला उंबऱ्याच्या आत, निकिता उंबऱ्यावर. बोलणं तिघांना ऐकू येईल आणि दोघींचंच राहील, अशा जागा आपोआप धरल्या गेल्या.

"फुकटच्या ठिकाणीच लपवून ठेवता येतं काकू," निकिता म्हणाली. "शोधून सापडत नाही. ज्याच्याकडं लिंक त्यालाच दिसतं."

"आन लिंक पुढं पाठवली तर?"

"मग त्यालाही दिसतं."

पेपरामागून खाकरणं ऐकू आलं.

"विकतची गोदामं पण हायेत," निकिता बोट सरकवत म्हणाली. "खाली कमेंट न्हाई, मधी जाहिरात न्हाई, शेजारी दुसऱ्याचा भलताच व्हिडिओ न्हाई. आपल्या वेबसाइटवरच चालणार. दुसरीकडं कुणी चिकटवला तर उघडतच न्हाई."

"डाउनलोड?" हा शब्द दैवशाला आठवडाभरात शिकली होती.

"सहज न्हाई होत. पण समोर दुसरा मोबाईल धरून शूटिंग केलं तर? जगात पक्कं कुलूप न्हाई काकू. कमीजास्त असतंय." मग ती थांबली. "हे एक मात्र लय टाइट आहे. प्रत्येक बाईचा नंबर आपण आधीच भरायचा. ती उघडायला गेली की तिच्या नंबरवर ओटीपी येणार. तो टाकला तरच व्हिडिओ चालू. कुणी कुठवर पाहिला ते पण आपल्याला कळतं."

पेपर खाली आला.

"हेच घ्या," दत्तराव निकिताकडं पाहत म्हणाले. "सिग्नल पडल्याबिगर गाडी हलाया न्हाई पायजे. ह्येला म्हनतेत बंदोबस्त."

दैवशालालाही ते आवडलं. दुसऱ्या कुणी ते तिच्यावर लादलं असं पुढं तिला स्वतःलाही म्हणता आलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर त्या कमेंट होत्या. दार जितकं जाड तितकं बरं, एवढंच तिला त्या दिवशी कळत होतं.

"अकाउंट कुणाच्या नंबरवर करू?" निकितानं विचारलं.

"माझ्या," दैवशाला म्हणाली.

"बालाजीच्या कर," दत्तराव म्हणाले. "पैसे त्येच्याच खात्यातून जानार. तो काय परका हाय?"

बालाजी आतून म्हणाला, "कर की. सांगत जाईन ना मी."

परका तो नव्हताच. चांगला माणूस होता. महिन्याचे पैसे भरायला एका शब्दानं तयार झाला होता. त्यामुळं पुढं बोलायला काही उरलं नाही. निकितानं नंबर भरले. ग्रुपमधल्या सगळ्या बायकांचे नंबर एकेक करून चढवले, जुने व्हिडिओ फुकटच्या जागेवरून काढून नव्या गोदामात नेऊन ठेवले, आणि संध्याकाळच्या गाडीनं परभणीला गेली.

दुसऱ्या दिवशी एकाही बाईनं क्लास पाहिला नाही. दैवशालाला वाटलं, वीज नसेल. तिसऱ्या दिवशीही कुणी नाही. किती जणींनी पाहिला ते दाखवणारी एक पट्टी निकितानं तिच्या मोबाईलवर लावून दिली होती. ती खडूच्या रेषेसारखी सपाट पडून होती. ग्रुपवर तिनं लिहिलं, "सगळ्यांनी पाहा, नवीन जागी आहे." खाली अंगठे आले. पट्टी तशीच.

शेवटी राजेश्रीचा फोन आला. अनोळखी नंबरवरून.

"शेजारच्या दुकानातून बोलायलेय ताई. जल्दी बोलते. ते ओटीपी मागायलंय."

"हो, येईल की तुझ्या नंबरवर. टाकायचा."

"येतो वो. पन तो ह्यायच्याकडं जातोय. ह्ये मेंढरं घेऊन गंगेकडं गेलेत."

"तुझा मोबाईल?"

"माज्यात सीम कुटंय?" राजेश्रीला हसू आलं. "सीम ह्यायनी बटनाच्या फोनात घातलंय, चार्जिंग लय टिकते म्हून. मला नुसता डबा दिलाय. व्हॉट्सअॅप पयलंच चालू करून दिल्यालं, ते चालतंय. दुकानातलं पोरगं नेट सोडतंय, त्येच्यावर बगते मी तुमचा क्लास."

"मग बाकीच्या?"

"बाकीच्या तरी काय ताई. सगळ्यायची अशीच गत. कुनाचं नवऱ्याकडं, कुनाचं लेकाकडं. तुमाला काय वाटलं, आमाला येगळं सीम हाय?"

दैवशालाला तसंच वाटलं होतं. ग्रुपमध्ये नावांसमोर नंबर होते. ते नंबर कुणाच्या खिशात फिरतात हे तिनं विचारलं नव्हतं. परक्या पुरुषांना बाहेर ठेवायला तिनं दार लावलं होतं, आणि किल्ली करून प्रत्येक घरातल्या पुरुषाच्या खिशात टाकली होती. गोदावरीच्या काठी मेंढरांमागं फिरणाऱ्या एका बटनाच्या फोनवर तिच्या बाहीचा ओटीपी वाजत होता, आणि तो माणूस तो कशाचा म्हणून पुसून टाकत होता.

तिनं निकिताला विचारलं. ईमेलवरून आत येता येईल, निकिता म्हणाली. पण राजेश्रीचा ईमेल मोबाईल विकणाऱ्या दुकानदारानंच उघडून दिलेला होता, पासवर्ड त्यालाच माहीत. मग निकिता म्हणाली, याच ठिकाणी दुसरी सोय आहे, नंबरऐवजी सगळ्यांसाठी एकच आकडा ठेवता येतो. आकडा टाकला की उघडलं. सेटिंग बदलायचं, एवढंच.

सेटिंग बदलायला दैवशालानं आपल्याच अकाउंटचं दार वाजवलं. ओटीपी बालाजीला गेला.

बालाजी लाईनवर होता. रुळावर काम चालू असताना मोबाईल पिशवीत, पिशवी झाडाला. जेवायच्या सुट्टीत त्यानं पाहिलं आणि फोन केला, आकडे वाचून दाखवले. तोवर ते आकडे चालेनासे झाले होते.

"परत पाठव," तो म्हणाला.

"पाठवला."

"आला न्हाई अजून. हां, थांब. गाडी यायलीय, ठेवतो."

दुपारभर ती मशीनसमोर बसून राहिली. पायाखाली पायडल होतं, ते हललं नाही. मोबाईलच्या पडद्यावर सहा रिकामे चौकोन होते. त्यांच्या पलीकडं तिचे हात, तिचा आवाज, तिनं कापलेलं सगळं कापड होतं. तिच्या घरात, तिच्या मांडीवर, आणि तिला आत जाता येत नव्हतं.

रात्रीच्या जेवणाच्या आधी, दिवेलागणीला, बालाजीसमोर विषय निघाला. दत्तराव पाटावर बसले होते.

"बायकांजवळ नंबर न्हाईत म्हनती," ते बालाजीला म्हणाले, दैवशालाला ऐकू जाईल असं. "मग ज्याच्याजवळ हाय तो सांगंल की. नवरा काय दुश्मन हाय?"

"आज मीच सांगितला आबा," बालाजी म्हणाला. "सांगेपर्यंत शिळा झाला."

अंबाबाईंना हसू आलं. "शिळा कसा व्हतो रं? भाकर हाय का ती?"

दत्तराव हसले नाहीत. आकडा सगळ्यांना एकच ठेवला आणि तो फुटला तर काय, हे त्यांनी विचारलं. बदलू, असं बालाजी म्हणाला. फुटल्यावर बदलून काय उपेग, असं दत्तराव म्हणाले. त्यात चूक नव्हती. दैवशाला भाकरी थापत होती. ती पाठमोरीच म्हणाली, "मामा, एवढं होऊ द्या. न्हाईतर त्या बायकांचं शिकनं सुटलं."

सून थेट बोलली होती. बालाजीनं वर पाहिलं.

"ठीक हाय," दत्तराव म्हणाले. "आकडा ठेवा. पन व्हिडिओ जायच्या आदी मी बगनार. मी बगितल्याबिगर एक बी सोडायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी बालाजीची सुट्टी होती. त्यानं शेजारी बसून ओटीपी वाचला, निकितानं फोनवरून सांगितलं तसं दैवशालानं सेटिंग बदललं. आता एकेक व्हिडिओ सासऱ्यांना दाखवायचा, आणि मग सोडायचा. पहिला तोच होता, मापाचा.

तिनं तो आधी स्वतः लावून पाहिला. दारामागं उभं राहून, पदर कानामागं घेऊन. सासरे ऐकतील तसं ऐकायचा तिनं प्रयत्न केला. तिचा आवाज आला. छाती इथून धरायची. हा शब्द तिनं क्लासमध्ये बाही म्हणावं, गळा म्हणावं, तितक्या सहज किती वेळा म्हटला होता. आता तो पडवीत, पाटावर, दत्तरावांच्या समोर पडणार होता. त्यांच्यासमोर ती कधी खुर्चीवर बसली नव्हती. तिनं व्हिडिओ मागं नेला, पुन्हा ऐकला. तिसऱ्यांदा शब्द यायच्या आधीच तिचा अंगठा पडद्यावर पडला.

आवाज काढ, असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. मोबाईलमध्ये एक कर्ण्याचं चित्र होतं, त्यावर दाबलं की त्यावर काट पडायची. तिनं दाबलं. तो जुना ब्लाऊज तिनं कपाटातून काढलाच नाही. कागदाचा कापून, कागदावरच माप दाखवून तो धडा पुन्हा केला. तोही मुकाच.

दत्तरावांनी मोबाईल लांब धरून पाहिला. दैवशाला स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती.

"आवाज येईना."

"टाकला न्हाई मामा."

ते शेवटपर्यंत पाहत राहिले. टेप, खडू, कात्री, घडी. मोबाईल खाली ठेवताना म्हणाले, "हात साफ हाय तुजा." आणि थोड्या वेळानं, "जाऊ दे ह्येला."

लग्नानंतर त्यांनी तिच्या कामाची केलेली ही पहिली तारीफ होती. ती तिला कुठं ठेवावी ते कळलं नाही.

बाकीचे धडेही तसेच झाले. कुठल्यात काय शब्द आहे ते शोधत बसण्यापेक्षा सगळ्यांचाच आवाज काढणं सोपं होतं. आकडा बायकांच्या तोंडून बायकांकडं गेला. बाजाराच्या दिवशी, कापसाच्या वेचणीत, नळावर. सपाट पट्टी हळूहळू वर चढली. राजेश्रीचा दुकानातून पुन्हा फोन आला, "ताई, दिसतंय, पन ऐकू येईना." "तसंच आहे ते," दैवशाला म्हणाली, "नीट बघत जा."

मग ती धडे नव्यानं करू लागली, आणखी हळू. टेपवरच्या आकड्याखाली अंगठ्याचं नख ठेवायचं आणि थांबायचं. आकडा खडूनं कापडावर लिहायचा. दोन बोटं सोडायची तर दोन बोटं ठेवून दाखवायची. चुकीचं कापायचं, बोट हलवून नाही म्हणायचं, मग बरोबर कापायचं. बायका शिकत होत्या. ग्रुपवर शिवलेल्या ब्लाऊजचे फोटो येत होते, भिंतीवर अडकवलेले, बाजेवर पसरलेले. दत्तराव रोज पाहत आणि जाऊ दे म्हणत. क्लास चालू होता. बंद पडला नाही, हे खरंच होतं.

दिवाळीच्या आधी राजेश्री पूर्णेला आली. नवऱ्याच्या मामाकडं काहीतरी होतं, तिथून वाकडी वाट करून. पिशवीतून तिनं स्वतः शिवलेला ब्लाऊज काढला आणि मशीनवर ठेवला.

"जावंला बी आकडा दिला म्या," ती म्हणाली. "ती बी शिकायली. काय इचारती म्हाईत हाय का? म्हनती, त्या ताई मुक्या हायेत का वो?"

दैवशालाला हसू आलं. "मग तू काय म्हनलीस?"

"म्या म्हनलं, न्हाई गं, लय गोड बोलत्यात. पयल्याच्या व्हिडिओत बोलायच्या. तिला खरंच वाटंना."

दैवशालानं ब्लाऊज उलटा केला, शिवण बोटांनी चाचपत गेली. काखेत टीप ओढली होती. बाही मोंढ्यात, ब्लाऊजच्या खांद्याकडच्या गोलात, बसवताना राजेश्रीनं कापड ताणलं होतं. तिनं त्या जागेवर बोट ठेवलं आणि टीप उसवली. बाही सोडवली, मध्यावर चिमटी धरली, मोंढ्याच्या मध्यावर आणून टेकवली, टाचणी टोचली. मग दोन्ही बाजूंनी, न ताणता, कापड जसं पडेल तसं सोडत गेली. टेप काढली, आकड्याखाली अंगठ्याचं नख ठेवलं, आणि थांबली. राजेश्रीला दिसावं म्हणून थोडं जास्तच थांबली. खडूनं आकडा लिहिला. पुढची टाचणी उचलली.

राजेश्री तिच्या तोंडाकडं पाहत होती.

"ताई," ती म्हणाली, "बोला की. मी हितंच हाय."